इंग्रजी अदब लाटव्हियनमध्ये नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही लाटव्हियाच्या राजधानीत, रीगामध्ये, शिकता आणि फावल्या वेळात एका लहान हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करता. मालकांनी पाहुण्यांशी बोलायची वाक्यं, ईमेलचे मसुदे आणि भिंतीवरच्या सूचना इंग्रजीत दिल्या आणि त्यांचं लाटव्हियन करायला सांगितलं. तुम्ही यंत्राकडून भाषांतर करून घेतलं, व्याकरणही तपासलंत. तरी सोबत काम करणारी लाटव्हियन मुलगी म्हणाली, ‘चूक काही नाही, पण असं आमच्यात कुणी बोलत नाही.’ मग बोलतात तरी कसं? इंग्रजीतून लाटव्हियन करणं हे माझं रोजचं काम आहे आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इंग्रजीत अदब दाखवायची तर शब्द वाढवत जातात. ‘विंडो उघडा’ म्हणायला आधी ‘आय वॉज जस्ट वंडरिंग’, मग ‘इफ यू वुडन्ट माइंड’, वर शेवटी ‘प्लीज’. लाटव्हियनमध्ये ही भर घातली की वाक्य गुळचट तरी होतं, नाहीतर वकिली नोटिशीसारखं. तिथली अदब सर्वनामात आणि क्रियापदाच्या रूपात असते. ती दोन्ही नीट बसली तर तीन शब्दांचं वाक्यही सभ्य वाटतं. आणि हे मराठी माणसाला नवं नाही. ‘जरा खिडकी उघडता का?’ या वाक्यात ‘प्लीज’ला प्रतिशब्द कुठेच नाही, तरी ते पूर्ण सभ्य आहे, ‘कृपया’ आपल्याला भेटतं ते पाटीवर किंवा रेल्वेच्या घोषणेत. म्हणून माझा पहिला सल्ला असा की इंग्रजी वाक्यावरून थेट लाटव्हियन करू नका. ही गोष्ट आपण मराठीत कशी म्हटली असती ते मनात आणा आणि तिथून लाटव्हियनकडे जा. अर्ध्याहून जास्त वाक्यं तिथेच सुटतील.

उच्चारांबद्दल दोन शब्द, कारण लाटव्हियन शब्द मी देवनागरीत लिहिणार आहे. ‘द्झ’ दिसेल तिथे ‘जरा’, ‘जास्त’मधला ज म्हणा आणि ‘त्स’ दिसेल तिथे ‘चमचा’मधला च. आपल्या हिंदीभाषक मित्रांना हे ध्वनी मुद्दाम शिकावे लागतात, आपल्याला ते आयते मिळालेत. दुसरी गोष्ट आघाताची, म्हणजे शब्दाच्या कोणत्या अवयवावर (उच्चाराच्या तुकड्यावर) जोर द्यायचा त्याची. लाटव्हियनमध्ये आघात जवळजवळ नेहमी शब्दाच्या पहिल्या अवयवावर असतो, पण जे शब्द तुम्ही दिवसभर वापरणार तेच नेमके अपवाद आहेत. ‘पाल्दिएस’ (आभार), ‘लाब्दिएन’ (दिवसाचा नमस्कार), ‘लाब्रीत’ (सकाळचा) आणि ‘लाब्वाकार’ (संध्याकाळचा) या सगळ्यांत आघात दुसऱ्या अवयवावर पडतो. हे मुळात दोन-दोन शब्द होते, ते जुळून एक झाले. ‘पाल्दिएस’ म्हणजे ‘पालीद्झ दिएव्स’, देव मदत करो. त्यातला ‘दिएव्स’ आणि आपला ‘देव’ एकाच मुळाचे आहेत.

आता ‘लूद्झू’. कोशात याच्यासमोर ‘प्लीज’ लिहिलेलं असतं आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. रीगाच्या मध्यवर्ती बाजारात जाऊन बघा. वायूवर तरंगणाऱ्या झेपेलिन जहाजांच्या हँगरांचे सांगाडे वापरून उभारलेले ते मोठे मंडप १९३० पासून चालू आहेत. तिथे दुग्धपदार्थांच्या मंडपात चीज घेताना होणारं बोलणं असं असतं:

‘लाब्दिएन!’
‘लाब्दिएन! लूद्झू?’
‘मान, लूद्झू, दिव्सिम्त ग्रामु सिएरा.’
‘लूद्झू.’
‘पाल्दिएस.’
‘लूद्झू. विसु लाबु!’

पहिलं ‘लूद्झू?’ म्हणजे ‘बोला, काय देऊ?’ दुसरं ते इंग्रजी ‘प्लीज’च्या जागेवरचं. तिसरं, पुडी हातात देताना, म्हणजे ‘हं, घ्या’. चौथं आभाराला उत्तर, आणि ‘विसु लाबु’ हा निरोप. गोंगाटात विक्रेतीला नीट ऐकू आलं नाही तर ती पुन्हा वरच्या सुरात ‘लूद्झू?’ म्हणेल, ‘काय म्हणालात?’ या अर्थानं. म्हणजे ‘मे आय हेल्प यू’, ‘हिअर यू आर’, ‘यू आर वेलकम’ आणि ‘पार्डन’ या चारही इंग्रजी प्रयोगांचं लाटव्हियन बहुतेक वेळा हा एकच शब्द आहे. तुमच्या मसुद्यात आभाराच्या उत्तराला ‘यूस एसात लाइप्नि गाइदीत्स’ असं आलंय. त्याचा अर्थ ‘आपल्या येण्याची आम्ही आनंदानं वाट पाहतो आहोत’ असा होतो. पाहुणा किल्ली घेऊन ‘पाल्दिएस’ म्हणाला आणि तुम्ही हे ऐकवलंत तर तो गोंधळेल. तिथे ‘लूद्झू’ म्हणा, नाहीतर ‘नाउ पार कुओ’, म्हणजे ‘त्यात काय एवढं’. ‘वेलकम’ दारावर लिहायचं असेल तर त्यासाठी वेगळा प्रयोग आहे, ‘लाइप्नि लूद्झाम!’

त्याच संवादातला ‘मान’ही बघा. तो आपला ‘मला’ आहे, चतुर्थीच. ‘मला, लूद्झू, दोनशे ग्रॅम चीज.’ क्रियापद नाहीच, आणि त्यावाचून काही अडत नाही. आपणही वाण्याकडे असंच बोलतो. इंग्रजी ‘आय वुड लाइक टू हॅव’चं शब्दशः रूप (‘एस वेलेतुओस’) चुकीचं नाही; चांगल्या रेस्टॉरंटमध्ये ते शोभतंही. पण काउंटरवर एका कॉफीसाठी एवढं लांबवायची गरज नाही.

विनंत्यांकडे वळू, कारण तुमच्या यादीत त्याच सगळ्यात जास्त आहेत. साधी पायरी म्हणजे आज्ञार्थ आणि लूद्झू: ‘आत्वेरिएत, लूद्झू, लुओगु’, खिडकी उघडा ना. इंग्रजीच्या सवयीनं आज्ञार्थ उद्धट वाटतो, म्हणून भाषांतर करणारे तो टाळतात. लाटव्हियनमध्ये अनेकवचनी आज्ञार्थ आणि लूद्झू हे अनोळखी माणसाशीही चालतं, जसं आपलं ‘बसा ना’, ‘या, आत या’. एक पायरी वर संकेतार्थ येतो: ‘वाइ यूस वारेतु आत्वेर्त लुओगु?’, खिडकी उघडाल का? इथला ‘वारेतु’ हा तुमच्या कामाचा सगळ्यात मोलाचा शब्द. मूळ क्रियापद ‘शकणे’, आणि शेवटचा ‘-तु’ हा संकेतार्थाचा प्रत्यय. मी, तू, तो, तुम्ही, सगळ्या पुरुषांना प्रत्यय तोच, त्यामुळे चुकायची भीती कमी. आणखी मऊ करायचं तर नकार घाला, ‘वाइ यूस नेवारेतु…’. आपण ‘जरा सरकता का नाही?’ म्हटलं तर समोरच्याला भांडण वाटेल, लाटव्हियनमध्ये मात्र नकारानं प्रश्न नरमच होतो.

‘वुड यू माइंड’बद्दल एक धोक्याची सूचना. त्याचं शब्दशः भाषांतर ‘आपली काही हरकत असेल का’ (‘वाइ युम्स बूतु इएबिल्दुमि’) असं होतं. बैठकीत किंवा करारात ठीक, रिसेप्शनवर नको. स्वतः काही करायची परवानगी मागायची असेल तर ‘वाइ द्रीक्स्त?’ पुरतं, आपलं ‘चालेल का?’ समोरच्यानं काही करावं असं असेल तर वर सांगितलेलं ‘वाइ यूस वारेतु’. पण यात होकार-नकार उलटतात, ते विसरू नका. ‘वुड यू माइंड’ला ‘नो’ म्हणणारा तयार असतो, ‘वाइ यूस वारेतु’ला ‘या’ (हो) म्हणणारा तयार असतो. तुमच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये असा प्रश्न आणि खाली हो-नाहीची बटणं असतील तर प्रश्न बदलताना बटणांमागचा अर्थही बदला. हे राहून गेलं की पाहुण्यानं ‘हो’ म्हटलेलं तुमच्याकडे ‘नाही’ म्हणून नोंदलं जातं.

इंग्रजी ‘जस्ट अ मोमेंट’मधल्या ‘जस्ट’ला लाटव्हियनमध्ये फार सुंदर उत्तर आहे. ‘मिर्क्लिस’ म्हणजे क्षण. त्याचं लाडकं, छोटं रूप ‘मिर्क्लीतिस’. ‘उझ्गाइदिएत मिर्क्लीति, लूद्झू’ म्हणजे ‘जरा एक क्षण थांबा हं’. तो ‘जरा’ आणि तो ‘हं’ दोन्ही त्या लघुत्वाच्या प्रत्ययात आले. या भाषेला असे प्रत्यय फार प्रिय आहेत. काउंटरवरची बाई ‘काफियिन्यु?’ (कॉफी?) असं विचारते तेव्हा कॉफी लहान नसते, आवाजात माया असते. तोंडी वापर जरूर करा, लेखी निरोपात मात्र हात आखडता घ्या. बिलावर किंवा तक्रारीच्या उत्तरात ही रूपं आली की समोरच्याला आपण लहान मूल असल्यासारखं वाटतं.

‘आय अ‍ॅम अफ्रेड’ तर सरळ काढून टाका. ‘एस बाइदुओस, का…’ हे यंत्र देतं, आणि त्यात भीती खरोखरची ऐकू येते. जागा नाही हे सांगायला घाबरायचं कशाला? तिथे ‘दिएम्झेल’ हा एक शब्द पुरतो, म्हणजे ‘दुर्दैवानं’, पण वापर आपल्या ‘माफ करा, पण’सारखा रोजचा. ‘दिएम्झेल ब्रीवु नुमुरु नाउ’: खोली रिकामी नाही. हॉटेलच्या खोलीला ‘नुमुर्स’ म्हणतात. घरातल्या खोलीचा ‘इस्ताबा’ हा शब्द तुमच्या मसुद्यात आलाय तो बदलून घ्या.

आता ‘तु’ आणि ‘यूस’. आपल्या तू-तुम्हीसारखीच ही जोडी, आणि त्यांचा ‘तु’ तर आपल्या ‘तू’चा सख्खा नातेवाईक. पण सीमारेषा वेगळ्या आहेत. मराठी घरात वडिलांना, सासूसासऱ्यांना अहो-जाहो होतं. आजच्या लाटव्हियन घरात आई-वडील, आजी-आजोबा सगळे ‘तु’. आदर म्हणून मित्राच्या घरी गप्पा रंगल्यावरही ‘यूस’ला चिकटून राहिलात तर अंतर राखताय असं वाटेल. बाहेर मात्र अनोळखी प्रौढाला ‘यूस’च, तो वयानं लहान दिसला तरी. ‘यूस’वरून ‘तु’वर यायची एक ठरलेली रीत आहे: वयानं किंवा हुद्द्यानं मोठा माणूस म्हणतो, ‘पारिएसिम उझ तु’, चला, ‘तु’वर येऊ. तो म्हणेपर्यंत थांबा. ‘आपण’सारखी तिसरी पायरी नाही, आणि काका, मावशी, दादा हेही नाही. अनोळखी बाईंना ‘मावशी’ म्हणण्यातली आपली आपुलकी तिथे पोचत नाही.

नावानं हाक मारायची तर आडनावाची षष्ठी आणि पुढे ‘कुंग्स’ (श्री.) किंवा ‘कुन्द्झे’ (श्रीमती). बॅर्झिन्श हे तिथलं अतिशय प्रचलित आडनाव. त्या घरातले गृहस्थ ‘बॅर्झिन्या कुंग्स’ आणि बाई ‘बॅर्झिन्यास कुन्द्झे’. सोव्हिएत काळात याच्या जागी ‘बिएद्र्स’, म्हणजे कॉम्रेड, होतं. स्वातंत्र्यानंतर कुंग्स-कुन्द्झे परत आले. तुमच्याकडे येणाऱ्या वयस्कर पाहुण्यांनी दोन्ही काळ पाहिलेत, त्यांना हे संबोधन नीट उच्चारलेलं फार आवडतं.

‘सॉरी’ या एका शब्दाचे लाटव्हियनमध्ये निदान तीन तुकडे करावे लागतात, आणि इथली चूक माणसाला लागते. धक्का लागला, उशीर झाला, कुणाला मध्येच थांबवायचंय: ‘आत्वाइनुओयिएत’. खरंच काही बिघडवलंय, मन दुखावलंय: ‘पिएदुओदिएत’, क्षमा करा. जवळच्या माणसाशी याचंच ‘पिएदुओद’ रूप हलकंही वापरलं जातं. आणि जिथे आपला दोष नाही, नुसतं वाईट वाटतंय, तिथे ‘मान ल्युओति झेल’, मला फार वाईट वाटतं. तुमच्या यादीत ‘सॉरी फॉर युअर लॉस’ आहे आणि त्याच्यासमोर ‘आत्वाइनुओयिएत’ लिहिलंय. हे कृपा करून आजच खोडा. ज्याच्या घरी मृत्यू झालाय त्याला तुम्ही ‘एक्सक्यूज मी’ म्हणताय असं होईल. तिथे ‘इझ्साकु लीद्झ्यूतीबु’ म्हणतात, म्हणजे मी सहसंवेदना व्यक्त करते. वाक्य औपचारिक आहे आणि औपचारिक असणंच तिथे योग्य. त्यावर काही जोडू नका. फुलं नेणार असाल तर सम संख्येत न्या. विषम संख्या वाढदिवसाची आणि आनंदाची.

हॉटेलचं गरम पाणी बंद पडलं तर मालकांच्या वतीनं लिहायचं वाक्य वेगळं आहे, अनेकवचनी: ‘आत्वाइनुओयामिएस पार सागादातायाम नेएर्तीबाम’, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. ते जसंच्या तसं उचला, सगळीकडे हेच असतं.

‘एक्सक्यूज मी’चं एक रूप कोशात मिळणार नाही. गच्च भरलेल्या ट्रॉलीबसमध्ये दाराकडे सरकायचंय. इंग्रजी शिकलेला माणूस ‘एक्सक्यूज मी’ पुटपुटत घुसतो. रीगाकर पुढच्या माणसाला विचारतो, ‘वाइ यूस इझ्कापसिएत?’ तुम्ही उतरणार का? तो उतरणार असेल तर पुढे राहतो, नसेल तर वाट देतो. मुंबईच्या लोकलमध्ये ‘दादर उतरणार का?’ जे काम करतं तेच हे. रस्ता विचारताना मात्र सुरुवात ‘साकिएत, लूद्झू’नं करा, ‘जरा सांगता का’. त्यात ‘एक्सक्यूज मी’ही आलं आणि ‘कुड यू टेल मी’ही.

‘हाउ आर यू टुडे?’ हे रिसेप्शनवरचं वाक्य मी भाषांतरित करणारच नाही. ‘का युम्स क्लायास?’ हा खरा प्रश्न आहे, ओळखीच्यांत विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात. आल्या आल्या अनोळखी माणसानं विचारला तर पाहुणा बुचकळ्यात पडेल. त्या जागी डोळ्यांत बघून स्पष्ट ‘लाब्दिएन’. निरोपाला ‘हॅव अ नाइस डे’ हवंच असेल तर ‘याउकु दिएनु!’ छान चालतं.

ईमेलमध्ये काटछाट सगळ्यात जास्त करावी लागते. ‘आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल’ पूर्ण गाळा. ‘लाब्दिएन!’ आणि पुढे थेट कामाचं, ही तिथे चांगली पद्धत मानली जाते. ‘डिअर’साठी ‘दार्गाइस’ वापरू नका. तो शब्द प्रेमाच्या माणसासाठी आहे, शिवाय त्याचा दुसरा अर्थ ‘महाग’. नाव घ्यायचं तर ‘त्सिएनीयामा बॅर्झिन्यास कुन्द्झे!’, आदरणीय. ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ म्हणजे ‘पिएलिकुमा नुओसूतु…’, सोबत पाठवते आहे. ‘डोन्ट हेझिटेट टू कॉन्टॅक्ट’मधला संकोच काढा आणि ‘काही प्रश्न असल्यास फोन करा’ एवढंच ठेवा. शेवटी ‘आर त्सिएन्यु’, म्हणजे आदरपूर्वक. ‘काइंड रिगार्ड्स’, ‘वॉर्म विशेस’, ‘सिन्सिअरली’ या सगळ्यांना ते एकटं पुरतं. एका व्यक्तीला लिहिताना ‘यूस’चं पहिलं रोमन अक्षर मोठं काढा, अनेकांना लिहिताना लहान. आणि स्वरांवरच्या दीर्घत्वाच्या आडव्या रेघा कधीही गाळू नका. ‘काझास’मधला पहिला स्वर लांब असेल तर लग्न, तोकडा असेल तर बकऱ्या. लग्नासाठी हॉल आरक्षित करणाऱ्या कुटुंबाला बकऱ्यांबद्दल धन्यवाद द्यायचे नसतील तर कीबोर्डवर लाटव्हियन मांडणी बसवून घ्या. शंका आली तर ‘तेझाउर्स’ हा लाटव्हिया विद्यापीठाच्या गणित आणि संगणकशास्त्र संस्थेचा कोश इंटरनेटवर मोफत आहे.

तुमच्या बुकिंगच्या प्रणालीतून आपोआप जाणाऱ्या ‘हॅलो, अमुक’ या संदेशाचं काय करायचं, हेही विचारलंय. त्यात नाव घालूच नका. लाटव्हियनला संबोधन विभक्ती आहे, आपल्या ‘मुलांनो’, ‘बाळा’सारखी जिवंत. यानिसला हाक मारताना ‘यानि!’, इवार्सला ‘इवार!’. प्रणालीकडे नाव प्रथमेत साठवलेलं असतं, त्यामुळे ‘स्वेइक्स, यानिस!’ असं चुकीचं जातं. वर ‘स्वेइक्स’ पुरुषाला आणि ‘स्वेइका’ बाईला, म्हणजे लिंगही माहीत हवं. परकी नावंसुद्धा यातून सुटत नाहीत: तिथे शेक्सपिअर ‘शेक्स्पीर्स’ होतो आणि आपला राहुल ‘राहुल्स’, ज्याला हाक मारताना पुन्हा ‘राहुल!’. नुसतं ‘लाब्दिएन!’ ठेवलं की सगळ्या अडचणी मिटतात. ‘डिअर कस्टमर’ला अनेकवचन घ्या, ‘त्सिएनीयामिए क्लिएन्ति!’, म्हणजे स्त्री-पुरुषाचा प्रश्न उरत नाही.

राहिल्या भिंतीवरच्या सूचना. ‘थँक यू फॉर नॉट स्मोकिंग’चं तुम्ही आभारासकट भाषांतर केलंत. तिथे पाटीवर एकच शब्द असतो, ‘नेस्मेकेत!’, धूम्रपान न करणे. धातुरूपातली ही सूचना कुणालाही उद्धट वाटत नाही. आपल्याकडच्या ‘येथे वाहने लावू नयेत’सारखी ती सगळ्यांना उद्देशून आहे. त्यात ‘लूद्झू’ घालायचं असेल तर विरामचिन्ह सांभाळा. ‘लूद्झू’ हे मुळात ‘मी विनवतो’ असं क्रियापद. त्याच्यापुढे आज्ञार्थ आला तर ते सुटं पडतं आणि स्वल्पविराम लागतो: ‘लूद्झू, पागाइदिएत’. पुढे धातुरूप आलं तर ते स्वतःच वाक्याचं क्रियापद होतं आणि स्वल्पविराम लागत नाही: ‘लूद्झू पागाइदीत’. दोन्हींचा अर्थ ‘कृपया थांबा’. खोलीच्या दाराला अडकवायच्या कार्डावर ‘लूद्झू नेत्राउत्सेत’ हवं, म्हणजे ‘कृपया त्रास देऊ नये’. तुमच्या मसुद्यात त्यात स्वल्पविराम पडलाय. छपाईला पाठवण्याआधी तेवढा काढून टाका.